डोंबिवली पूर्वेची शेअर रिक्षा: लाइन, भाडं आणि चौथी सीट

संध्याकाळी डोंबिवली पूर्वेला पुलावरून उतरताना सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी जाते: आज लाइन कुठपर्यंत गेलीय? घर एमआयडीसीच्या निवासी विभागात असो, नांदिवलीला असो की मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत, स्टेशनपासून सोसायटीच्या गेटपर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर बहुतेकांसाठी शेअर रिक्षाच पार पाडते. महापालिकेच्या परिवहनच्या बस आहेत, पण त्यांच्या भरवशावर रोजचं वेळापत्रक बसवता येईल इतक्या त्या सगळ्या भागांत येत नाहीत. म्हणून या सेवेकडे नीट पाहायला हवं: काय मिळतं, किती पैसे पडतात, कुठे बिघडतं आणि का.

आधी चांगली बाजू. लाइन सरळ असेल तर मुंबई परिसरात स्टेशनवरून घरी जायला याहून सोपी सोय नाही. ॲप उघडायचं नाही, घासाघीस करायची नाही, कुठे जाणार हे सांगायची गरज नाही, कारण लाइनच त्या दिशेची असते. तीन माणसं बसली की रिक्षा निघते. मधल्या कुठल्याही कोपऱ्यावर “इथे थांबवा काका” म्हटलं की थांबते. संध्याकाळी एकट्या परतणाऱ्या मुलींना आणि बायकांना लाइनीतली रिक्षा मोठा आधार वाटते, कारण मागे-पुढे ओळखीचे चेहरे असतात आणि रिक्षावाला रोज त्याच स्टँडवर दिसणारा असतो.

ही सेवा चालते किंवा कोलमडते ती लाइनीवर. त्यामागचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एका फास्ट लोकलमधून उतरलेल्यांपैकी नव्वद माणसं एकाच दिशेच्या लाइनीत आली असं धरू. रिक्षात तिघे, म्हणजे तीस रिक्षा हव्यात. एक रिक्षा भरून निघायला वीस सेकंद लागली तर मिनिटाला तीन रिक्षा सुटतात आणि दहा मिनिटांत लाइन संपते. पण मिनिटाला तीन रिक्षा सतत मिळायच्या तर तेवढ्या परतही यायला हव्यात. जाऊन-येऊन फेरी बावीस मिनिटांची असेल तर त्या एका दिशेला छासष्ट रिक्षा फिरत्या असाव्या लागतात. आता मधल्या एखाद्या चौकात कोंडी झाली आणि फेरी पस्तीस मिनिटांवर गेली. रिक्षा तेवढ्याच, छासष्ट. पण स्टँडवर मिनिटाला दोनसुद्धा पोहोचत नाहीत. दहा मिनिटांची लाइन सोळा मिनिटांची होते आणि तेवढ्यात पुढच्या दोन-तीन लोकल येऊन रिकाम्या झालेल्या असतात. स्टेशनसमोर एकही रिक्षा दिसत नाही तेव्हा “सगळे कुठे गेले?” असं वाटतं. बहुतेक वेळा ते घरडा सर्कलच्या बाजूला किंवा मानपाडा रोडवर गर्दीत अडकलेले असतात. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२ चं काम सुरू झाल्यापासून त्या अंगाला जाणाऱ्या फेऱ्यांचा काही नेम राहिलेला नाही.

दुसरं कारण आपल्याच हातातलं आहे. लाइन लांब दिसली की काहीजण स्टँड सोडून शंभर-दीडशे पावलं पुढे जातात आणि परत येणारी रिकामी रिक्षा तिथेच पकडतात. रिक्षावाल्यालाही स्टँडपर्यंतचा गर्दीचा पट्टा वाचतो, म्हणून तोही थांबतो. त्यामुळे दोन नुकसानं होतात. स्टँडवर यायची रिक्षा येतच नाही, आणि रस्त्याच्या मधोमध थांबलेल्या त्या रिक्षामागे बाकीच्या परतणाऱ्या रिक्षा खोळंबतात. पुढे जाऊन रिक्षा धरणारी पाच-सहा माणसं मागच्या पन्नास जणांची फेरी लांबवतात. स्टँडवर वाहतूक पोलीस किंवा वॉर्डन उभा असला की हे लगेच थांबतं आणि लाइन झपाझप सरकू लागते. रोज संध्याकाळी गर्दीचे दोन-तीन तास तेवढा एक माणूस तिथे राहिला तरी पुष्कळ फरक पडेल.

आता भाडं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे झालं. या दराने दोन किलोमीटरचे मीटरवर साधारण ३५ रुपये होतात, तीन किलोमीटरचे ५२ आणि पाच किलोमीटरचे ८६. शेअरचं भाडं सीटप्रमाणे ठरतं. उदाहरणासाठी दोन किलोमीटरला सीटमागे १५ रुपये धरले तर तिघांचे ४५ होतात, मीटरपेक्षा दहा जास्त. हे दहा रुपये अन्यायाचे आहेत असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी रिक्षा परतताना रिकामी येते आणि स्टँडवरच्या रांगेतही तिचा वेळ जातो. पण प्रवाशाने हा हिशोब डोक्यात ठेवायला हवा. एकाच घरचे तिघे एकाच दारात उतरणार असाल तर मीटरची रिक्षा स्वस्त पडते. दोघे असाल तर शेअरचे ३० आणि मीटरचे ३५, म्हणजे पाच रुपये जास्त देऊन थेट गेटपर्यंत जाता येतं. एकटे असाल तर शेअरला पर्याय नाही.

अडचण अशी की गर्दीच्या वेळी स्टेशनबाहेर मीटर टाकायला सहसा कुणी तयार होत नाही. जवळचं भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८(३) प्रमाणे गुन्हा आहे, आणि हे बहुतेक रिक्षावाल्यांना माहीत असतं. तरीही संध्याकाळी वाद घालून मीटर टाकून घेण्यापेक्षा गर्दीच्या पट्ट्यापासून पाच मिनिटं चालत पुढे जावं आणि तिथे प्रवासी उतरवून मोकळी झालेली, पुढेच जाणारी रिक्षा मीटरवर घ्यावी. ती स्टँडकडे परतणारी नसावी, एवढं बघा. बसताना मीटर नव्याने सुरू झालाय आणि २६ दाखवतोय ना, तेही बघा. फोनच्या नकाशावर दीड किलोमीटर व्हायच्या आतच रस्ता मोकळा असताना आकडा पुढे सरकला तर मीटर तपासण्यासारखा आहे. कोंडीत थांबून राहिलात तर थांबण्याच्या वेळेचे पैसे धरले जातात, त्यामुळे तिथे आकडा वाढला म्हणून भांडू नये. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं लागतं. शेवटच्या लोकलने आलात तर दोन किलोमीटरचे साधारण ४३ रुपये होतात. त्या वेळी तोंडी सांगितलेली कुठलीही रक्कम या आकड्याशी ताडून बघावी.

सगळ्यात गंभीर दोष चौथ्या सीटचा आहे. परवाना तीन प्रवाशांचा असतो. चौथा पुढे, चालकाच्या शेजारी, अर्ध्या सीटवर बसतो. हे किती धोक्याचं आहे ते हँडलकडे बघितलं की कळतं. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत असतात. गिअर बदलताना क्लच दाबून अख्खी मूठ फिरवावी लागते. ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत आणि ब्रेक उजव्या पायाखाली. हाताने मारायचा पुढचा ब्रेक नसतो, रिक्षा थांबते ती त्या पायाच्या ब्रेकवरच. चौथा माणूस डाव्या बाजूला बसला तर चालकाचा डावा कोपर त्याच्या छातीशी अडतो, गिअर अर्धवट पडतो आणि वळणावर हँडल पूर्ण वळत नाही. उजव्या बाजूला बसवला तर चालक डावीकडे सरकतो आणि ब्रेकवरचा पाय तिरका पडतो. चढावर रिक्षा मागे घसरली किंवा समोर अचानक कुणी आडवं आलं तर त्याला पूर्ण जोराने ब्रेक दाबताच येत नाही. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणाला बसवू नये, हे कायद्याच्या कलम १२५ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

चौथी सीट का भरली जाते तेही समजून घ्यावं लागेल. वरच्याच उदाहरणात प्रत्येक फेरीला १५ रुपये जास्त, वीस फेऱ्यांचे ३०० होतात. गाडी भाड्याची असेल तर रोज मालकाला ठरलेली रक्कम द्यायची असते, आणि सीएनजीच्या रांगेत गेलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. म्हणून रिक्षावाल्याला नुसता दंड करून हे थांबणार नाही. पुढे बसणारा प्रवासी तयार असतो म्हणून हे चालतं. लाइनीत चौथे असाल तर मागच्या रिक्षाची वाट बघा. लाइन हलती असेल तर तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

बसण्याचीही एक पद्धत आहे, ती पाळली की सगळ्यांचा वेळ वाचतो. रिक्षाची उजवी बाजू सळईने बंद असते, चढणं-उतरणं डावीकडूनच. म्हणून शेवटच्या थांब्यावर उतरणाऱ्याने आधी आत शिरावं आणि आधी उतरणाऱ्याने डाव्या टोकाला बसावं. लाइनीतला क्रम मोडत नाही, फक्त आत शिरायचा क्रम बदलतो. सॅक पाठीवरून काढून मांडीवर घ्या, पाठीवर ठेवली तर तिघे नीट मावत नाहीत. पाठीचा किंवा कमरेचा त्रास असेल तर मधली जागा मागून घ्या. एक चाक खड्ड्यात गेलं की कडेच्या माणसाला पूर्ण दणका बसतो, मधल्याला कमी. पैसे बसल्यावरच तयार ठेवावेत. दहाच्या नोटा आणि पाचची नाणी आठवडाभराची काढून ठेवली तर “सुट्टे नाहीत” हा संवादच होत नाही. क्यूआर कोड आता बऱ्याच रिक्षांत लावलेला असतो, पण तो चालत्या रिक्षात, उतरायच्या एक थांबा आधी स्कॅन करा. उतरल्यावर नेटवर्क शोधत बसलात तर मागची अख्खी रांग थांबते.

सकाळचं चित्र उलटं असतं आणि माझ्या मते जास्त चांगलं. पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. रिक्षा वसाहतीच्या टोकापासून भरत येतात, त्यामुळे टोकाला राहणाऱ्याला लगेच मिळते, मधल्या थांब्यावर उभ्या असलेल्यासमोरून मात्र भरलेल्याच जातात. यावर जुन्या रहिवाशांचा तोडगा सोपा आहे: स्टेशनच्या विरुद्ध दिशेने दोन-तीन मिनिटं चालत जायचं आणि तिथून बसायचं. ८ वाजून काही मिनिटांची लोकल धरायची असेल तर मधल्या थांब्यावर दहा मिनिटं ताटकळण्यापेक्षा हे बरं.

पावसाळ्यात मात्र ही सेवा दीड गुणाची होते. रिक्षाचं पुढचं चाक एकच आणि ते मधोमध. मोटार खड्डा दोन चाकांच्या मधून काढून नेते, रिक्षाला ते जमत नाही. डावा-उजवा खड्डा चुकवला तरी मधला लागतोच. इंजिन मागे आणि खाली असतं, त्यामुळे पाणी साचलेल्या रस्त्यावर जायला चालक नकार देतो, आणि ते रास्त आहे. बंद पडलेली रिक्षा ढकलून काढताना मागची वाहतूक अडते ती वेगळीच. अशा दिवशी लोकल उशिरा येतात आणि गर्दी एकदम उतरते, म्हणजे वर मांडलेला हिशोब दुप्पट बिघडतो. डाव्या टोकाच्या माणसाने पडदा आतून धरून ठेवावा आणि भिजलेली छत्री पायाशी उभी ठेवावी, टोक चालकाच्या पाठीकडे नको.

स्टँडलगत राहणाऱ्यांचं म्हणणंही रास्त आहे. स्टँडच्या फलकावर किती रिक्षा उभ्या राहू शकतात ते लिहिलेलं असतं, आणि संध्याकाळी त्याहून जास्त असल्या की दुसरी ओळ लागते. मग इमारतीच्या गेटमधून गाडी निघत नाही, रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही आणि केळकर रोड किंवा रामनगरच्या बाजूने चालणाऱ्याला फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं. तक्रार करायची तर वाहतूक शाखेकडे लेखी करा आणि प्रत महापालिकेला व परिवहन कार्यालयाला (आरटीओ) द्या. वेळ, तारीख, फलकावरची संख्या आणि प्रत्यक्षातली संख्या दिसेल असा फोटो जोडला तर अर्ज नुसता पडून राहत नाही. एखाद्या रिक्षाविरुद्ध असेल तर पूर्ण नंबर, स्टँडचं नाव, वेळ आणि मागच्या पाटीचा फोटो हवा. जमला तर चालकाचा बिल्ला क्रमांकही. एमएच ०५ म्हणजे कल्याण, एमएच ०४ म्हणजे ठाणे, त्यामुळे अर्ज कुठे द्यायचा ते नंबरवरूनच कळतं.

आणि चालायचं कधी? लाइनीत उभं राहिल्यावर एक मिनिट फक्त रिक्षा मोजा. मिनिटाला दोन सुटत असतील आणि पुढे तीस माणसं असतील तर पाच मिनिटांत नंबर लागेल, थांबा. एका मिनिटात एकही आली नसेल आणि घर फडके रोडच्या गणेश मंदिराच्या आसपास असेल, तर चालत लवकर पोहोचाल.