रिजन ३ वर ठेवायचं की १ वर? आंबेनळी घाट उतरून आलेला अनुभव

इलेक्ट्रिक गाडी घेऊन दीड वर्ष झालं, बावीस हजार किलोमीटर झालेत, आणि कोणी भेटलं की रेंज किती देते हे विचारून झालं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप थांबते म्हणे, ते कसं वाटतं? रेंजबद्दल सगळीकडे लिहिलेलंच आहे म्हणून फक्त या रिजनबद्दल, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंगबद्दल लिहितो. माझ्या गाडीत ४ लेव्हल आहेत, ० ते ३ (३ सगळ्यात जोराची), स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येतात. पाय उचलला की मोटरच जनरेटरसारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि त्या ओढीनेच गाडी हळू होते, एवढंच आहे ते.

साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे उतरताना लेव्हल ३ म्हणजे सुख आहे. रिक्षा मध्येच थांबते, कोणीतरी बाईक आडवी घालतं, आणि आपण नुसता पाय कमी-जास्त करत राहतो, ब्रेकवर पाय क्वचितच जातो. पहिले दोन दिवस मान पुढेमागे होत होती, मग पाय एकदम न सोडता हळूहळू सोडायचा हे जमलं आणि आता ट्रॅफिकमध्ये दुसरी गाडी चालवायला नको वाटतं.

खरी मजा घाटात. आमचं गाव महाडजवळ, त्यामुळे मेढा-केळघरवरून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळीने पोलादपूर हा आमचा नेहमीचा रस्ता. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या पातळीला. माणसं-सामान धरून १७०० किलोची गाडी तेवढी खाली आली की हिशोबाने ६ युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते, त्यातली बरीच टायर आणि हवेत जाते, थोडी मोटर-बॅटरीच्या देवाणघेवाणीत गळते, तरी मी वर बॅटरी ६१ टक्के बघून निघालो होतो आणि ४० किलोमीटर चालवून खाली ६५ दिसले. पेट्रोलच्या गाडीने हाच घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असायचं आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास यायचा, ते सगळं गेलं.

पण याच घाटात एकदा चांगलाच घाबरलोय, आणि हे प्रत्येक इव्हीवाल्याला माहीत असायलाच हवं. रात्री महाबळेश्वरला मुक्काम होता, हॉटेलवाल्याने प्लग दिला, सकाळी बॅटरी १०० टक्के. खूश होऊन निघालो, पहिल्या उतारावर पाय सोडला आणि गाडी हळू व्हायच्या ऐवजी सरळ धावायला लागली! बॅटरी भरलेली असली की वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून गाडी रिजन जवळजवळ बंद करते. लोकल ट्रेनचं बरं असतं, तिची ब्रेकची वीज वरच्या वायरमधून दुसरी ट्रेन वापरू शकते, आपल्याकडे एकच बॅटरी, ती भरली की संपलं. साधे ब्रेक होतेच म्हणा, पण पायाला सवय राहिलेली नसते आणि पहिली दोन वळणं पोटात गोळा आला. तेव्हापासून घाटाच्या माथ्यावर ८०-८५ च्या वर चार्ज करत नाही.

दुसरं म्हणजे आई. तिला गाडी लागते, आधीपासून लागते, पण लेव्हल ३ वर मागच्या सीटवर तिला केळघरच्या घाटातच उलटी झाली. चालवणाऱ्याला कळत नाही कारण पाय त्याचा असतो, पुढचा झटका कधी येणार ते त्याच्या शरीराला आधीच माहीत असतं, मागच्याला नसतं. आता ती बरोबर असली की १ वर ठेवतो आणि उतारावर ब्रेक हळू हळू वापरतो, ती पुढे बसते, आणि त्रास खरंच कमी झालाय.

पावसाळ्यात पण सांभाळून. माझ्या गाडीत मोटर पुढच्या चाकांना आहे, सगळी ओढ त्याच दोन चाकांवर येते, ओल्या वळणावर शेवाळ किंवा चिखल असेल तर पाय एकदम सोडू नका. खड्ड्यात चाक क्षणभर उचललं की कधी कधी रिजन सुटतं आणि गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटते, पहिल्यांदा झालं की दचकायला होतं, त्यामुळे पाय ब्रेकच्या तयारीत असू द्या.

ब्रेक पॅड अजून नव्यासारखे आहेत, हा फायदा. पण वापरलेच नाहीत तर कोकणच्या दमट हवेत डिस्कला गंज धरतो, फोक्सवॅगनने तर आयडी-४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रम ब्रेकच दिलेत, त्यामागे हेही कारण आहे. मी आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर लेव्हल ० करून चार-पाच वेळा नीट ब्रेक मारतो.

हायवेला ३ नकोच. पुण्याला जाताना १ किंवा ०, गाडी तिच्या वेगाने घरंगळू द्यायची, कारण परत मिळणारी वीज ही आपणच आधी खर्च केलेली असते आणि जाता-येता दोन्हीकडे गळती होतेच.

मागच्या गाडीला आपण हळू होतोय हे दिसतं का, हेही बघून घ्या. युरोपच्या नियमात मंदावण्याचा दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की ब्रेक लाईट लागलाच पाहिजे असं आहे. मी रात्री मित्राला बाईकवर मागे यायला सांगून तपासलं, ३ वर लागतो, १ वर नाही.

नवीन गाडी बघत असाल तर घरात ज्याला गाडी लागते त्याला टेस्ट ड्राइव्हला मागे बसवा आणि सगळ्यात जोराच्या लेव्हलवर चालवा. आणि लेव्हल पॅडलने बदलते की स्क्रीनच्या मेनूत शिरावं लागतं तेही बघा, आंबेनळीच्या वळणावर समोरून एसटी येत असताना मेनू शोधायला वेळ नसतो.