रोज बोटात असलेल्या दोन अंगठ्या : १४ महिन्यांनंतर

एक ४ ग्रॅमचं २२ कॅरेटचं वेढणं, दुसरी १८ कॅरेट व्हाइट गोल्डची, चार प्राँगमध्ये (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नख्यांमध्ये) हिरा बसवलेली. दोन्ही रोज हातात, फक्त झोपताना काढलेल्या.

वेढण्यावर पहिल्याच आठवड्यात चरे पडतात, ते मनावर घेऊ नका. खरी झीज तळहाताच्या बाजूला होते: स्कूटरची मूठ, पीएमपीच्या बसमधला दांडा, कुकरचा कान. शेजारच्या बोटातली दुसरी अंगठी तर कानशीसारखी घासते. २२ कॅरेट मऊ असल्यामुळे वेढणं हळूहळू लंबगोलही होतं. कारागीर ते लोखंडी दांड्यावर चढवून लाकडी हातोडीनं गोल करतो, झाळकाम लागत नाही. पट्टी १ मिमीहून पातळ झाली मात्र की खालचा भाग नवा बसवून घ्यावा. आणि दर सणाला पॉलिश नको. चमक येते ती सोनं घासूनच. वर्षातून एकदा हलकं पॉलिश पुरे, तेही आधी आणि नंतर आपल्यासमोर वजन करून.

व्हाइट गोल्डचा पांढरेपणा वरच्या ऱ्होडियम या पांढऱ्या धातूच्या थराचा असतो. तळहाताच्या बाजूनं तो विरून आता पिवळसर झाक दिसते आहे. हा दोष नव्हे, पुन्हा प्लेटिंग करून घ्यायचं. पण त्याआधी प्राँग तपासा, कारण सैल प्राँगवर प्लेटिंग म्हणजे पैसे वाया.

तपासणी घरी होते. अंगठी कानाजवळ धरून हलवा; बारीक खुळखुळ आली तर हिरा हलतो आहे. लोकरीचा धागा प्राँगवरून फिरवा. अडकला तर टोक उचललं गेलंय किंवा झिजून धारदार झालंय. दोन्हींपैकी काहीही आढळलं तर अंगठी त्याच दिवशी उतरवा. चारांपैकी एक प्राँग गेला तरी हिरा निसटू शकतो.

हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. खालच्या बाजूला साबण आणि बोअरच्या जड पाण्याचा थर बसला की हिरा निस्तेज दिसतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून २० मिनिटं बुडवा, मऊ ब्रशनं खालून घासा. बेसिनवर नको, वाटीतच. मोती आणि पोवळं असं भिजवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पाचूला अल्ट्रासॉनिक मशीन नकोच, त्याच्या भेगांमध्ये भरलेलं तेल निघून जातं. ब्लीचनं फरशी पुसताना अंगठी काढाच: क्लोरीन मिश्रधातूवर हल्ला करतं आणि प्राँगसारख्या ताणलेल्या भागात तडे जातात.

माप वाढवायचं तर बोट संध्याकाळी मोजा. थंडीतल्या सकाळी ते बारीक असतं. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे आतला घेर सुमारे १ मिमी. ३ मिमी रुंद, दीड मिमी जाड पट्टीत दोन नंबर वाढवायला १८ कॅरेटचं सोनं साधारण ०.१४ ग्रॅम लागतं. बिल याच्याशी ताडून पाहा. हिरा झाळेची उष्णता सहसा सोसतो, पाचू किंवा मोती असेल तर खडा आधी काढायला सांगा, नाहीतर लेझरनं झाळून घ्या.

लक्ष्मी रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानांतून काम बाहेर कारागिराकडे जातं. म्हणून अंगठी देताना आतल्या बाजूचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता क्रमांक) पावतीवर लिहून घ्या, वजन दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदवा आणि माप बदलताना काप या शिक्क्यापासून लांब घ्यायला सांगा.