वर्षभर वापरलेली बीएमएस : बचत नेमकी कुठे होते?

आमच्या कार्यालयाच्या बहुमजली इमारतीत बसवलेली इमारत व्यवस्थापन प्रणाली (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम), म्हणजेच वातानुकूलन व दिवे आपोआप नियंत्रित करणारी बीएमएस, सर्व ऋतूंत वापरून पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याने सादरीकरणाचा बहुतेक वेळ मोबाइल अ‍ॅप आणि स्वागतकक्षातला रंगीत पडदा दाखवण्यात घालवला होता. प्रत्यक्षात ही दोन्ही काढून टाकली तरी वीजबिलात फरक पडणार नाही. बचत होते ती गच्चीवरच्या आणि तळघरातल्या यंत्रांत, जिकडे पाहुण्यांना कुणी नेत नाही.

पूर्वी वातानुकूलनाचे मोठे पंखे आणि थंड पाण्याचे पंप दिवसभर पूर्ण वेगाने चालत आणि हवा कमी हवी असेल तेव्हा डॅम्पर, म्हणजे हवेच्या मार्गातल्या झडपा, अर्धवट बंद केले जात. आता व्हीएफडीमुळे, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणामुळे, मोटरचा वेगच मागणीनुसार उतरतो. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग ८० टक्क्यांवर आणला, तर तत्त्वतः जवळपास निम्मीच वीज लागते. बैठकीच्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर आहेत. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) असते. खोलीत ते १००० पीपीएमच्या वर जाऊ नये इतकीच ताजी हवा ही प्रणाली आत घेते. त्यामुळे रिकाम्या खोलीसाठी बाहेरची तापलेली हवा थंड करत बसण्याचा खर्च वाचतो, शिवाय लांबलेल्या बैठकीत येणारी पेंगही कमी झाली आहे, हा फायदा माहितीपत्रकात मात्र कुठेच नव्हता.

दिव्यांच्या बाबतीत माझे मत तितके चांगले नाही. खिडकीलगतचे दिवे उजेड पाहून आपोआप मंद होतात, ते उत्तम. परंतु पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो, त्यामुळे मान खाली घालून वाचत बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. दिवे जातात आणि मग हात हलवून आपण असल्याचे सिद्ध करावे लागते. दिवे विझण्याचा अवधी वाढवला की त्रास थांबतो, पण बचतही घटते. एलईडी मुळात इतकी कमी वीज खातात की मी अवधी वाढवणेच पसंत केले.

सर्वांत गंभीर दोष आलेख पाहताना सापडला. एका मजल्याचा पंखा पहाटे तीन वाजताही पूर्ण वेगाने चालू होता. उशिरापर्यंत थांबलेल्या कुणासाठी तरी तो ‘मॅन्युअल’वर टाकला होता आणि परत ‘ऑटो’वर आणायचे राहून गेले होते. प्रणालीने त्याची नोंद घेतली होती, पण किरकोळ सूचनांच्या ढिगाऱ्यात ती कुणाला दिसणार! ठरावीक वेळाने मॅन्युअल आपोआप रद्द करण्याची सोय संचात आहे. बसवणाऱ्या कंपनीने ती बंद ठेवूनच इमारत ताब्यात दिली आणि चालकांना तिच्याविषयी सांगितलेही नाही.

कंट्रोलर बॅकनेट या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी संवाद साधू देणाऱ्या खुल्या मानकावर चालतात, त्यामुळे नंतर घेतलेला दुसऱ्या कंपनीचा पंप विनातक्रार जोडता आला. केंद्रीय वातानुकूलन असलेल्या मोठ्या इमारतीसाठी ही प्रणाली घ्यावी, असे मी सांगेन. मात्र करारात उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन्ही ऋतूंतील चाचणी व चालकांचे प्रशिक्षण लेखी मागून घ्यावे. खोलीगणिक स्वतंत्र एसी असलेल्या छोट्या इमारतीने मात्र हा पैसा आधी खिडक्यांवरच्या सावलीवर आणि छताच्या उष्णतारोधनावर खर्च करावा.