फ्रिजचा खर्रखर्र आवाज गेला, कोल्हापूरच्या राजारामपुरीतले हे मिस्त्री लई भारी

आमचा फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रिज, फ्रीजरमधनं खर्रखर्र आवाज यायचा आणि दार उघडलं की गप्प, जो तो म्हणायचा कॉम्प्रेसर गेला. मिस्त्री घरी आले, दार उघडून आतला दाराचा स्विच बोटानं दाबून धरला, म्हणजे फ्रिजला दार बंद वाटतं आणि फॅन फिरतो, आणि आवाज सुरू! म्हणाले, काकी, कॉम्प्रेसर ठणठणीत हाय, आतला फॅन बर्फाला घासतोय. मागचं पॅनेल काढलं तर गार करणाऱ्या कॉइलवर बर्फाचा थर, तो वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर जळालेला. बर्फ वितळवून हीटर बदलला, पाणी जायचं भोक साफ केलं आणि जुना पार्ट न मागता हातात दिला, हे मला फार आवडलं, असं कोण करतंय आजकाल.

बुडबुड आवाज गॅस फिरतानाचा असतो, त्याला घाबरू नका म्हणाले, पण टिक-टिक होत राहिलं आणि गार होईना तर बंद करून बोलवा, कॉम्प्रेसर चालू करणारा रिले बघायला लागतो. आणि बर्फ चाकूनं अजिबात खरवडायचा नाही, पाईपला भोक पडलं की गॅस गेलाच.

वेळ तेवढी पाळत नाहीत, सकाळी म्हणून दुपारी आले. काम मात्र एकदम चोख, बिनधास्त बोलवा.