बेताचे कपाट: नवी पेठेतील एका वाचनालयाविषयी

सोलापुरात नवी पेठेतील कापडाच्या दुकानांमधून एक अरुंद लाकडी जिना वर जातो. तो चढून गेल्यावर जे वाचनालय लागते त्याच्या पाटीवर नाव नाही. ‘येथे पुस्तके वाचावयास मिळतील’ एवढेच निळ्या रंगात लिहिलेले आहे. ते चालवणाऱ्या गृहस्थांना सारे सभासद काका म्हणतात आणि काका प्रत्येकाला त्याच्या पेशावरून हाक मारतात, त्यामुळे निवृत्त होऊनही मी तेथे कॅशियरसाहेबच आहे. दोन वर्षांच्या सभासदत्वानंतर लिहीत असलेला हा अभिप्राय संपूर्ण वाचनालयाविषयी नसून खिडकीजवळच्या एका कपाटाविषयी आहे. त्या कपाटाच्या दारावर काकांनी पुठ्ठ्यावर एकच शब्द लिहून लावला आहे: ‘बेत’.

कपाटात दीडशेच्या आसपास पुस्तके असतील. बहुतेक मराठी आहेत, काही इंग्रजी आणि हिंदीतून आलेली भाषांतरे आहेत, आणि सगळ्यांचा विषय एकच आहे: काही माणसे एकत्र येतात, एखादी तिजोरी, पेढी, संग्रहालय किंवा रेल्वेचा डबा हेरतात आणि ठरवून लुटतात. अशा कथेला मराठीत नेमके नाव नाही. दरोडा म्हटले की कुऱ्हाडी आणि आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो, चोरी म्हटले की एकटा माणूस दिसतो. इतरत्र ही पुस्तके रहस्यकथांच्या फळीवर खुनाच्या गोष्टींशेजारी ठेवलेली मी पाहिली आहेत आणि ती जागा मला चुकीची वाटते, कारण खुनाच्या कथेत वाचक घडून गेलेल्या गोष्टीचा माग काढत असतो, तर येथे तो घडायच्या गोष्टीबरोबर चालत असतो, आणि ज्यांच्याबरोबर चालतो त्यांच्यापैकी कोणावर भरवसा ठेवावा हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ‘बेत’ हा शब्द ज्याला सुचला त्याने ही पुस्तके मनापासून वाचली आहेत, असे मला पहिल्याच दिवशी वाटले.

मी ही पुस्तके कोणत्या नजरेने वाचतो तेही सांगायला हवे. माझी एकतीस वर्षे एका सहकारी बँकेच्या रोख विभागात गेली. बँकेची तिजोरी माणसांवरच्या विश्वासावर चालते असे बाहेरच्यांना वाटते, प्रत्यक्षात ती कोणा एकावर विश्वास न ठेवण्यावर चालते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, दोघे समोर असल्याशिवाय ती उघडत नाही, आणि रजेवर जाताना किल्ली नोंदवहीत सही करूनच दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. ग्राहकाच्या लॉकरलासुद्धा बँकेची आणि त्याची स्वतःची अशा दोन्ही किल्ल्या लागतात. आम्ही याला जॉइंट कस्टडी म्हणत असू. ज्या सहकाऱ्याबरोबर मी वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी तिजोरी बंद केली, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढले आहे, पण त्याची किल्ली मी कधी हातात घेतली नाही आणि त्याने माझी घेतली नाही. म्हणून एखाद्या कादंबरीत व्यवस्थापक खिशातून एकुलती एक किल्ली काढून मध्यरात्री एकटाच तिजोरी उघडतो, तेव्हा त्या पुस्तकावरचे माझे मन तेथेच उडते. या कपाटात असे पुस्तक मला दोनदाच भेटले. दोन्ही वेळा मी काकांना सांगितले आणि दोन्ही पुस्तके त्यांनी दुसऱ्या फळीवर हलवली.

लुटणाऱ्यांच्या टोळीत मात्र दुसरी किल्ली नसते. तेथे नोंदवही नाही, सही नाही, हिशेबतपासणीही नाही. सगळे केवळ शब्दावर चालते, आणि शब्द मोडणाऱ्याला न्यायालयात खेचण्याची सोय कोणाला नाही. आपला कायदा तर ही नाजूक गाठ आणखी ताणतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, ही भारतीय दंड संहितेतील व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही कायम आहे, आणि त्याच कलमात दरोड्याची तयारी करणे, इतकेच नव्हे तर त्यासाठी नुसते एकत्र जमणे, हेही शिक्षापात्र ठरवलेले आहे. याचा अर्थ असा की हत्यारे घेऊन पेढी लुटण्यासाठी पाच जण पहिल्यांदा एका खोलीत बसले, तेव्हापासूनच प्रत्येकाचे भवितव्य उरलेल्या चौघांच्या मुठीत असते. त्यातून जो संपूर्ण आणि खरी हकीकत सांगेल त्याला माफीचा साक्षीदार करण्याची सोय न्यायालयाकडे असते. माझ्या मते या प्रकारच्या कथेतील उत्कंठेचा उगम येथे आहे. तिजोरी उघडेल की नाही हा प्रश्न त्या मानाने लहान आहे, कारण ती उघडणार हे पुस्तक हातात घेतानाच ठाऊक असते.

आमच्याकडे पेठापेठांतून भिशी चालते, तिचे उदाहरण येथे चपखल बसते. पहिल्या महिन्यात ज्याचा नंबर लागतो तो सगळी रक्कम उचलतो आणि पुढचे महिने हप्ता भरत राहतो. त्याने भरले नाही तर काय करायचे याचा कागद कोणाकडे नसतो. भिशीतल्या माणसाला विचारा, त्याला रकमेची काळजी नसते, पहिला नंबर कोणाला गेला याची असते. चांगल्या लेखकाला हे पक्के ठाऊक असते. या कपाटातील मला सर्वांत आवडलेल्या कादंबरीत पेढीची तिजोरी पुस्तकाच्या मध्यावरच, जवळजवळ निमूटपणे उघडते. पुढची शंभराहून अधिक पाने पाच माणसे एका बंद गोदामात सहाव्याची वाट पाहत बसलेली आहेत. सहावा गाडी आणायला गेला आहे आणि त्याला चाळीस मिनिटे उशीर झाला आहे. गोळी सुटत नाही, कोणी धावत नाही. एक जण पुन्हा पुन्हा घड्याळ पाहतो, दुसरा त्याला पाहू नकोस म्हणतो, तिसरा हलक्या आवाजात विचारतो की त्या सहाव्याला यात कोणी आणले होते. मागे एका ओळीत येऊन गेलेली, तेव्हा बिनमहत्त्वाची वाटलेली गोष्ट त्या प्रश्नाबरोबर वाचकाला आठवते आणि त्या पाचांपेक्षा आपल्याला थोडे जास्त कळले आहे या जाणिवेने त्याचा जीव खालीवर होऊ लागतो. पुस्तकाचे नाव मी देत नाही. अशा कथेत दगा होतो की नाही एवढे सांगणेसुद्धा पुढच्या वाचकाशी केलेला दगा आहे, आणि या अभिप्रायात मी कोणत्याच पुस्तकाचे नाव देणार नाही.

टोळीतल्या विश्वासाइतकाच लेखक आणि वाचक यांच्यातील विश्वास महत्त्वाचा आहे, आणि काकांची निवड खरी उठून दिसते ती याच बाबतीत. या कथांचा एक जुना रिवाज आहे: बेत वाचकाला आधी सविस्तर सांगितला असेल तर तो ठरल्याप्रमाणे पार पडत नाही, आणि जो पार पडायचा असतो तो आधी सांगितला जात नाही. रिवाज रास्त आहे, कारण तीच गोष्ट दोनदा ऐकायला कोणालाच नको असते. पण बेत लपवणे वेगळे आणि वाचकाशी खोटे बोलणे वेगळे. प्रमुख नकाशा गुंडाळतो आणि दार लोटून घेतो, पुढचे आपल्याला ऐकू येत नाही, हे मला मान्य आहे. आपल्याला बाहेर ठेवले आहे हे आपल्याला दिसत तरी असते. परंतु ज्याच्या मनात लेखकाने दोनशे पाने आपल्याला बसवले, ज्याची भीती आपण आपली मानली, तोच फितूर होता आणि त्या दोनशे पानांत त्याच्या मनात फितुरीचा विचार एकदाही डोकावला नव्हता, असे शेवटी सांगणे ही शुद्ध फसवणूक आहे. अशा शेवटाने दचकायला होते, पण तो वाचून मागची पाने पुन्हा चाळावीशी वाटत नाहीत. प्रामाणिक लेखकाच्या पुस्तकात दगा उघड झाल्यावर हात आपोआप पहिल्या प्रकरणाकडे जातो आणि तेथे ती खूण सापडते: न संपवलेला चहाचा पेला, अकारण विचारलेला गाडीचा नंबर, एखाद्या नावावर क्षणभर अडखळणे.

काकांना ही गोष्ट इतकी ठाऊक आहे की त्यांनी त्यासाठी नियमच केला आहे. ‘बेत’ कपाटातील पुस्तक परत केल्यावर त्याच आठवड्यात पुन्हा वाचायला नेले तर त्याचे भाडे घेत नाहीत. दुसरे वाचनच खरे, असे ते म्हणतात, आणि मी या सवलतीचा लाभ अनेकदा घेतला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, या कपाटातील प्रत्येक पुस्तकाला ते खाकी कागदाचे वेष्टन घालतात, जेणेकरून मलपृष्ठावरचा कथासार वाचला जाऊ नये. प्रकाशकांनी त्या चार ओळींत कितीदा सगळे सांगून टाकलेले असते हे नियमित वाचकाला ठाऊक आहे. आधीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘हाच फितूर’ यांसारखे शेरे ते खोडरबराने पुसतात आणि त्यासाठी परत आलेले पुस्तक पान न् पान उलगडून पाहतात. संध्याकाळी त्यांच्या टेबलावर खोडरबराचा चुरा साचलेला असतो.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात खऱ्या घटनांच्या कात्रणांची एक फाइल आहे, ती तेथेच बसून वाचावी लागते. मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातील मार्च १९८७ ची हकीकत मी प्रथम तिच्यातच सविस्तर वाचली. एका माणसाने वर्तमानपत्रात सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागांची जाहिरात दिली, मोठ्या हॉटेलात मुलाखती घेतल्या, दोन डझनांहून अधिक उमेदवार निवडले आणि १९ मार्चला त्यांना बसमधून एका प्रसिद्ध सराफी पेढीवर नेऊन सीबीआयचा छापा म्हणून दागिने जप्त केले. दागिने घेऊन तो निघून गेला आणि पुन्हा कोणाला सापडला नाही. मागे उरले ते नोकरी लागली असे समजून उभे राहिलेले तरुण. त्या तरुणांचा भरवसा हेच त्याचे हत्यार होते. त्याच फाइलमध्ये ऑगस्ट १९६३ मध्ये इंग्लंडात टपालगाडी अडवून सुमारे २६ लाख पौंड लुटणाऱ्या टोळीविषयीही आहे. ते पैसे घेऊन ती ज्या शेतघरात लपली, ते घर मागाहून नीट साफ न झाल्यामुळे पोलिसांना बोटांचे ठसे मिळाले, काही तर तेथे खेळलेल्या मोनोपॉलीच्या सामानावर. २००३ मध्ये बेल्जियममधील अँटवर्पच्या हिरेबाजारातील तिजोरीखोली फोडणाऱ्यांचा माग लागला तो रस्त्याकडेच्या झाडीत टाकलेल्या कचऱ्यामुळे, ज्यात अर्धवट खाल्लेले सँडविचही होते. कुलूप, गजर, संवेदक यांवर मात करणारी माणसे कचरा नीट टाकण्याच्या कामी एकमेकांना पुरी पडली नाहीत. या फाइलनंतर कादंबरी वाचली की लेखकाने नुसत्या यंत्रांचे वर्णन केले आहे की माणसांचे, हे चटकन कळते.

उणिवाही आहेत. वाटणीचे प्रकरण, म्हणजे माल हाती आल्यावर तो कोणाला किती मिळायचा याचे प्रकरण, आपल्याकडच्या बहुतेक कादंबऱ्यांत दोन पानांत उरकलेले असते, आणि या कपाटातही त्याला अपवाद फार थोडे आहेत. वास्तविक विश्वासाची खरी कसोटी तेथेच लागते. नवी पुस्तके कमी येतात. जिना उभा आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सभासदांना खालूनच हाक मारावी लागते. एप्रिल-मेमध्ये वरच्या पत्र्यामुळे दुपारी तेथे उभे राहणे अशक्य होते आणि काका स्वतःच सहानंतर या असे सांगतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या मुख्य दिवसांत वाचनालय बंद असते.

एक तक्रार मात्र मला मनाला लागली होती. गेल्या वर्षी मुलाकडे जाताना मी सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रात्री एक कादंबरी वाचत होतो आणि तिजोरीखोलीत शिरलेले दोघे एकमेकांकडे पाहतात त्या वाक्यावर पान उलटले, तर पुढचा संपूर्ण फर्मा, सोळा पाने, गायब. दौंड मागे पडेपर्यंत मला झोप लागली नाही. परत आल्यावर मी जरा कडक शब्दांत बोललो. काकांनी कारण सांगितले नाही, भाडे परत केले आणि नोंदवहीतून ते पुस्तक आधी नेलेल्या सभासदांची नावे काढली. त्यांतल्या एकांकडे घरी तीच कादंबरी होती. पंधरा दिवसांनी त्या सोळा पानांच्या छायाप्रती शिवून पुस्तकात बसवलेल्या होत्या आणि त्या पानांच्या आधी काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती की पुढील पाने बदललेली आहेत, मजकूर तोच आहे. तेव्हापासून पुस्तक देण्यापूर्वी ते पाने मोजतात.

अनामत तीनशे रुपये आणि महिन्याला शंभर रुपये, एका वेळी दोन पुस्तके, वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ, सोमवारी बंद. नवीन सभासदाने कपाटातून स्वतः पुस्तक उचलू नये, काकांना विचारावे, असे मी सुचवेन. ते आधी तुम्हाला आवडलेल्या आणि मग फसवणूक झाली असे वाटलेल्या एका पुस्तकाविषयी विचारतात आणि दुसऱ्या उत्तरावरून पुस्तक देतात. सध्या माझ्या नावावर एक जाड भाषांतर आहे. सहा जणांची टोळी पेढीतून बाहेर पडली आहे, वाटणीला साठ पाने दिलेली आहेत, आणि ती एका बैठकीत वाचा असे काकांनी बजावले असल्यामुळे मी रविवारच्या सकाळपर्यंत पुस्तक मिटून ठेवले आहे.