उपचार चोख, पण रात्रपाळीच्या सिस्टरला वाली नाही

खुब्याचे हाड मोडल्यामुळे माझ्या आईला जुलैत पुण्यातील एका खासगी रुग्णालयात नऊ दिवस ठेवावे लागले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपी सुरू झाली आणि बिलातही काही खटकले नाही. तरीही मी पाचपैकी तीनच तारे देत आहे, ते चौथ्या रात्रीमुळे.

त्या रात्री जनरल वॉर्डात अठरा रुग्णांमागे दोन सिस्टर होत्या. दोनच्या सुमारास पलीकडच्या खाटेवरील आजोबांना धाप लागली. सिस्टरनी लगेच ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. पण ते आयसीयूत अडकले होते. एकाच नातेवाइकाला पास असताना चौघे वर आले होते आणि त्यांच्यापैकी एकाने 'डॉक्टर कुठे आहे?' असे ओरडत औषधांचा ट्रे भिरकावला, सिस्टरचा हात पिरगळला. ज्या उशिरात तिचा काडीचाही दोष नव्हता, त्याचा राग तिच्यावर निघाला. आम्ही इतर रुग्णांच्या नातेवाइकांनी त्याला आवरले. सुरक्षारक्षक पार्किंगमधून वर पोहोचला तेव्हा सगळे संपले होते.

सकाळी व्यवस्थापनाने त्या माणसाला माफी मागायला लावून प्रकरण मिटवले, आणि हे मला मारहाणीइतकेच लागले. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातील अशा हल्ल्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिकांनाही संरक्षण आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर केंद्राने आपल्या रुग्णालयांना, अशा घटनेनंतर सहा तासांच्या आत संस्थेनेच एफआयआर नोंदवावा, असे बजावले होते. हा आदेश खासगी रुग्णालयासाठी नव्हता हे मान्य, पण त्यामागचा विचार इथेही लागू पडतो: तक्रार संस्थेने करायची असते. रात्रभर उभी राहिलेल्या, नोकरी टिकवायची असलेल्या मुलीने एकटीने पोलीस चौकी गाठावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. या कायद्याचा फलक रुग्णालयात आहे, मात्र बिलाच्या काउंटरपाशी, वॉर्डात नाही.

त्याच सिस्टर पुढच्या रात्री मनगटाला क्रेप बँडेज बांधून ड्यूटीवर आल्या आणि आईचा रक्तदाब मोजायला लागल्या.

डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या फॉर्ममध्ये 'परिचारिकांची वागणूक कशी वाटली?' असा प्रश्न होता. त्यांच्याशी लोक कसे वागले, यासाठी रकाना नव्हता. म्हणून ते मी मागच्या कोऱ्या बाजूवर, माझ्या नाव-पत्त्यासह, लिहून दिले आहे.