नाटक सुटल्यावरचं चायनीज: मॉट स्ट्रीटचं तळघर की नवं सिचुआन?

भारतातून पाहुणे आले की आमच्याकडे एक रात्र न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकाची ठरलेली असते. प्रयोग साडेदहा-पावणेअकराला सुटतो, टाइम्स स्क्वेअरच्या उजेडात सगळ्यांचे फोटो होतात आणि मग पोटात कावळे ओरडायला लागतात. घरी नदीपलीकडे जर्सी सिटीला जाऊन खिचडी टाकायचं कोणाच्याच मनात नसतं. पिझ्झा दुपारी झालेला असतो. त्यामुळे गाडी चायनीजवर येते आणि तिथे खरा प्रश्न सुरू होतो. चायनाटाउनमधल्या मॉट स्ट्रीटवर पायऱ्या उतरून त्या जुन्या कँटनीज-अमेरिकन तळघरात जायचं, की ईस्ट व्हिलेज किंवा फ्लशिंगमधलं उशिरापर्यंत चालणारं एखादं नवं सिचुआन, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातल्या तिखट जेवणाचं रेस्टॉरंट, गाठायचं?

गेल्या काही वर्षांत दोन्हीकडे भरपूर वेळा जेवलोय, बहुतेकदा रात्री अकरानंतर आणि बहुतेकदा घरची माणसं बरोबर घेऊन. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. तुमचा वेगळा निघाला तर त्यात काही चूक नाही.

आधी जुन्याबद्दल. मॉट स्ट्रीटच्या खालच्या टोकाला १७ नंबरला वो हॉप आहे, १९३८ सालचं. दोन दारं पुढे २१ नंबरला हॉप की, १९६८ सालचं. दोन्ही तळघरात, दोन्हीकडे फक्त रोख. वो हॉपच्या भिंती गिऱ्हाइकांच्या फोटोंनी आणि सही केलेल्या डॉलरच्या नोटांनी भरलेल्या आहेत. २०२२ मध्ये जेम्स बीअर्ड फाउंडेशन या अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातल्या मानाच्या संस्थेने त्याला 'अमेरिकाज क्लासिक्स' हा सन्मान दिला. असल्या सन्मानानंतर जागा बदलतात असा माझा अनुभव आहे. इथे मला फरक जाणवला नाही.

या जागा रात्री जाग्या का राहायच्या, त्याच्या मागे इतिहास आहे. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती, आणि १९१५ मध्ये न्यायालयाच्या एका निकालाने रेस्टॉरंटचा मालकही व्यापाऱ्यात धरला जाऊ लागला. माणसं आणायची तर रेस्टॉरंट काढा, असा रस्ता मोकळा झाला. बरीचशी मंडळी दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग (म्हणजेच कँटन) प्रांतातल्या तैशान भागातली होती. समोरच्या गोऱ्या गिऱ्हाइकाला काय रुचतं ते बघत बघत त्यांनी चॉप सुई, एग फू यंग, चाउ मेन हे सगळं उभं केलं. गिऱ्हाईक कोण? तर रात्रपाळीवाले, टॅक्सीवाले, वाजवून थकलेले वादक, नाटकवाले. ज्याला रात्री दुसरीकडे कोणी वाढत नव्हतं, तो इथे यायचा. तो कायदा १९४३ मध्ये गेला, पण रात्री वाढायची सवय राहिली. कोविडनंतर वेळा आखडल्या आहेत, पूर्वीसारखं पहाटेपर्यंत सगळीकडे चालू नसतं. म्हणून निघण्याआधी एक फोन नक्की करा.

आता चवीचं. इथे मी सिचुआनच्या बाजूने बोलणार आहे, कारण ते खरं आहे. पहिल्या चार घासांत सिचुआन जिंकतं. आपण लहानपणापासून ज्याला 'शेजवान' म्हणत आलो ती लसूण-मिरचीची लाल चटणी. तिच्यात सिचुआनचं नाव आहे, सिचुआनची मिरी नाही. खरी मिरी जिभेवर आली की आधी लिंबासारखा वास येतो, मग ओठांना मुंग्या येतात. माझी मावशी वेंगुर्ल्याची. तिने एक दाणा दाताखाली धरला आणि लगेच म्हणाली, "अरे, हे तर तिरफळ!" अगदी बरोबर. दोन्ही एकाच कुळातली. आपण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालताना आतली बी काढून फक्त सालं ठेवतो, तसंच तिकडेही करतात. अमेरिकेत ही मिरी आणायला १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी होती. तिच्याबरोबर लिंबू-संत्र्यांवरचा खैऱ्या रोग येईल ही भीती. म्हणजे इथलं आजचं सिचुआन जेवण तसं नव्यानेच मोकळं झालेलं आहे, आणि ज्यांनी ते चाखलं नसेल त्यांनी ते एकदा तरी चाखायलाच हवं. मावशीला तिरफळाची ओळख पटली तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

जुन्या तळघराची चव अशी एकदम अंगावर येत नाही. बसलात की चहा येतो, तळलेल्या कुरकुरीत शेवया येतात, सोबत नारिंगी गोड डक सॉस आणि नाकात जाणारी मोहरी. एग फू यंग म्हणजे मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब घालून तळलेलं जाड ऑम्लेट, त्यावर तपकिरी दाट ग्रेव्ही. गाडीवरच्या चायनीजवर वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला मिळमिळीत वाटतं, मलाही वाटलं होतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हिरमोड होतो. न्यूयॉर्कच्या जुन्या मेन्यूवर चाउ मेन मागवलंत तर आपले हक्का नूडल्स येत नाहीत. पांढऱ्या रश्श्यातल्या भाज्या येतात आणि कुरकुरीत शेवया वेगळ्या. परतलेले मऊ नूडल्स हवे असतील तर लो मेन म्हणा, किंवा रुंद तांदळाच्या पट्ट्यांचं चाउ फन. चाउ फन चांगल्या हाताने केलेलं असेल तर तापलेल्या कढईचा जो धुरकट वास त्याला येतो, त्यासाठी मी रात्री साडेअकराला नदी ओलांडून जायला तयार आहे.

रात्रीच्या जेवणाचं आणखी एक. मिरचीच्या तेलात पोहणारा मासा बाराला खाल्ला की मला दोनपर्यंत डोळा लागत नाही. लो मेन आणि चहा घेतला की जर्सीला परत नेणाऱ्या पाथ रेल्वेमध्येच पेंग येते. तुमचं पोट तरुण असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

पण माझ्यापुरता निकाल चवीवर किंवा पोटावर लागला नाही. तो लागला मेन्यूवर.

नव्या सिचुआन जागांमध्ये बहुतेक ठिकाणी आता टेबलावर एक चौकोनी क्यूआर कोड चिकटवलेला असतो. फोन धरायचा, फोटो बघत बोट फिरवायचं, ऑर्डर परस्पर आत जाते. मावशी पहिल्यांदा आली तेव्हा नाटकानंतर आम्ही पाचजण अशाच एका जागी गेलो. मावशी मासे खाते, कोंबडी खाते, पोर्क आणि बीफ तिला चालत नाही. आमच्यापैकी अर्ध्या घरांत हे असंच असतं, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. मी काळजीपूर्वक ऑर्डर केली. मापो तोफूत (तिखट रश्श्यातल्या सोयाच्या पनीरात) खिमा असतो हे मला माहीत होतं, म्हणून तिथल्या सूचनेच्या चौकटीत 'पोर्क नको, बीफ नको' असं लिहिलं. मग फरसबीचा फोटो दिसला. सुरकुतलेल्या, कोरड्या परतलेल्या हिरव्यागार शेंगा, वर लाल मिरच्या. मावशीला फरसबीची भाजी फार आवडते. शेंगांना काय सूचना लिहायची? दाबलं आणि पुढे गेलो.

भाजी आली, तिने पहिला घास घेतला, थोडं चावलं आणि थांबली. "यात खिमा कसला आहे रे?"

ताटलीत नीट पाहिलं तर शेंगांच्या मध्ये मोहरीच्या खारवलेल्या पाल्याचे काळपट तुकडे होते आणि त्यांच्याच रंगाचे बारीक बारीक मांसाचे कण. पोर्कच. या पदार्थात तो पूर्वापार असतो, हे मला नंतर कळलं. ताटल्या आणून ठेवणाऱ्या मुलाला विचारलं तर तो नम्रपणे म्हणाला, मेन्यूत लिहिलेलं आहे. होतंही. फोटोखालच्या वर्णनावर बोट दाबलं की ते उघडायचं, त्याच्या शेवटच्या ओळीत. त्या मुलाची चूक नव्हती. ऑर्डर घेताना तो तिथे नव्हताच, कोणीच नव्हतं. मावशीने घास कागदात काढला, पाण्याने चूळ भरली आणि "राहू दे रे, भात आहे की" म्हणाली. सातासमुद्रापलीकडून आलेली बाई त्या रात्री पांढरा भात आणि काकडी खाऊन उठली. मला ते फार लागलं. चूक माझीही होती, मी विचारायला हवं होतं. पण विचारायचं कोणाला, हेच त्या टेबलावर ठरलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ती परत आली तेव्हा मी तिला मॉट स्ट्रीटवर नेलं. गुडघे दुखतात म्हणून कठडा धरून, एकेक पायरी उतरत ती खाली आली. साठीच्या पुढचे, जाकीट घातलेले एक वेटर पॅड आणि पेन्सिल घेऊन उभे राहिले. मावशीने मेन्यूवरची कोळंबी शोधली. कोकणातली बाई, दुसरं काय शोधणार? तिचं बोट गेलं ते नेमकं 'श्रिंप विथ लॉब्स्टर सॉस'वर. त्यांनी लिहिता लिहिता पेन्सिल थांबवली, तिचं टोक त्या ओळीवर टेकवलं आणि तिच्याकडे बघून एकच शब्द म्हणाले, "पोर्क."

या पदार्थात लॉब्स्टर नसतो. मुळात लॉब्स्टरसाठी केला जाणारा तो सॉस. त्यात फेटलेलं अंडं असतं आणि बहुधा पोर्कचा खिमा. नावावरून कोणाला हे कळणार? मावशीने मान हलवली. त्यांनी पान उलटलं, आलं आणि कांद्याच्या पातीच्या कोळंबीवर बोट ठेवलं, "धिस वन." मी भाजीचं विचारलं तर म्हणाले ऑयस्टर सॉस असतो, नको असेल तर लसणाच्या पांढऱ्या सॉसमध्ये देतो. पाचवा पदार्थ सांगायला लागलो तर त्यांनी पॅड मिटलं. "टू मच." सगळा संवाद मिनिटभराचा, एकदाही हसले नाहीत. मावशीला इंग्रजी बेतास बात येतं, आणि त्या मिनिटात तिला माझ्या मदतीची गरज पडली नाही. कोळंबी तिने कवचासकट चोखून संपवली.

तेव्हापासून माझं ठरलं आहे. ज्या टेबलावर कोणाचं काहीतरी 'चालत नाही' असं आहे, तिथे समोर विचारायला माणूस हवा. जुन्या तळघरांमध्ये तो माणूस अजून उभा असतो. कधी तुटक बोलतो, बिल मागायच्या आधी आणून ठेवतो, पण कोणत्या ताटलीत काय आहे हे त्याला पाठ असतं. अर्थात कडक शाकाहारी असाल तर तिथेही जपून. कढई तीच, चमचा तोच, आणि रश्श्याला कोंबडीचं पाणी असू शकतं. शुद्ध शाकाहारी मंडळींना मी दोन्हीकडे नेणार नाही.

नव्यांवर अन्याय करायचा नाही. क्यूआर नसलेली, टेबलाशी येऊन नीट सांगणारी सिचुआन रेस्टॉरंटं आहेत. तुम्ही चार मित्र आहात, सगळे सगळं खाता, तिखट सोसतं आणि सबवेच्या सात नंबरच्या गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायची तयारी आहे, तर फ्लशिंगला जा. तिथली रात्र मजेची असते. ज्यांना पायऱ्या अजिबात जमत नाहीत त्यांनाही तळघराचा आग्रह मी करणार नाही. वर येताना मावशीला दोनदा थांबावं लागलं होतं.

तळघर ठरलं तर टाइम्स स्क्वेअरहून सबवेच्या एन किंवा क्यू गाडीने कॅनाल स्ट्रीटला उतरा, तिथून दहा मिनिटं चाल. रोख बरोबर असू द्या, टिपसुद्धा रोखीतच द्यावी लागते. चार माणसांना तीन पदार्थ आणि भात पुरतो, ताटल्या मोठ्या असतात. चाउ फन सांगाच. उरलं तर बांधून देतात, पण चाउ फन तिथेच संपवा, सकाळी त्याचा गोळा होतो. परत जर्सीला यायचं असेल तर वर्ल्ड ट्रेड सेंटरची पाथ वीसेक मिनिटांच्या चालीवर आहे आणि ती रात्रभर चालते.